एस्कम चर्चचे १:५० प्रतिरूप : प्रकल्प नोंदी

८ जून २०२४

इमारत ठरली. ईशान्य इंग्लंडमध्ये, डरहॅम परगण्यात, बिशप ऑकलंड गावाजवळ वेअर नदीकाठी एस्कम नावाचे लहान गाव आहे. तिथले चर्च इ.स. ६७०-६९० च्या सुमाराचे मानले जाते. मध्ययुगीन चर्च म्हटले की टोकदार कमानी, रंगीत काचा आणि उंच मनोरा डोळ्यांसमोर येतो; इथे त्यातले काहीच नाही. एक लांब दालन, त्याला पूर्वेकडे चिकटलेली एक चौकोनी खोली, वर दोन पाखी छप्पर. लांब दालनाला नेव्ह म्हणतात, तिथे लोक बसतात. चौकोनी खोली म्हणजे चान्सेल, तिच्यात वेदी. वास्तुरचनेच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना दगडी बांधकाम शिकवायला यापेक्षा सोपा नमुना मिळणार नाही. भिंती उघड्या आहेत आणि सगळी कथा भिंतीतच आहे.

पुढे मनोरा, बाजूच्या ओळी, नक्षीदार छत असे थर चढत गेलेल्या चर्चमध्ये मूळ इमारत शोधून काढावी लागते. एस्कमला ती जशीच्या तशी समोर उभी आहे. संपूर्ण शिल्लक राहिलेली सातव्या शतकातील चर्चे इंग्लंडमध्ये बोटांवर मोजण्याइतकी.

प्रमाण १:५०. १:१०० ला दगडांचे थर दिसत नाहीत आणि १:२० चे प्रतिरूप दारातून बाहेर निघत नाही.

१५ जून २०२४

मापे. नेव्ह आतून ४३ फूट ६ इंच लांब, १४ फूट ६ इंच रुंद. भिंतींची उंची सुमारे २३ फूट. चान्सेल आतून साधारण १० फूट चौरस. भिंतीची जाडी सुमारे ७० सेंमी. इंग्रजी अभ्यासक फुटांत मोजतात, म्हणून आधी मीटरमध्ये आणून मग ५० ने भागले:

नेव्हची आतली लांबी १३.२५ मी., म्हणजे २६.५ सेंमी
आतली रुंदी ४.४२ मी., म्हणजे ८.८ सेंमी
उंची ७ मी., म्हणजे १४ सेंमी
चान्सेल ३.०५ मी., म्हणजे ६.१ सेंमी
भिंत १.४ सेंमी

बाहेरून नेव्ह २९.३ × ११.६ सेंमी. चान्सेलला पश्चिमेची वेगळी भिंत नाही, नेव्हची पूर्व भिंत दोघांत सामाईक. त्यामुळे लांबीत ६.१ मध्ये एकाच भिंतीचे १.४ मिळवायचे. एकूण लांबी ३६.८ सेंमी.

आता प्रमाणे बघा. लांबी रुंदीच्या बरोबर तिप्पट. उंची रुंदीच्या दीडपटीहून जास्त. ही उंच, अरुंद, लांबोडी ठेवण नॉर्थम्ब्रिया या उत्तर इंग्लंडमधल्या जुन्या राज्यातल्या त्या काळच्या बांधकामाची ओळख आहे. वेअर नदीच्या मुखाशी असलेला मंकवेअरमाउथचा मठ (स्थापना ६७४) आणि त्याचा जोडमठ जॅरो यांच्या बांधकामाशी ती जुळते. जॅरोच्या चर्चमध्ये अर्पणाचा कोरीव दगड अजून आहे, त्यावरची तारीख २३ एप्रिल ६८५. एस्कमला असा लेख नाही, जॅरोच्या मठातलाच इतिहासकार बीड यानेही त्याचा उल्लेख केलेला नाही. काळ ठरतो तो या साम्यावरून. मंकवेअरमाउथसाठी मठाचा संस्थापक बेनेडिक्ट बिस्कप याने गॉलहून, म्हणजे आजच्या फ्रान्सकडून, गवंडी आणले, असे मात्र बीड लिहून ठेवतो. तोवर इकडे बांधकाम लाकडाचे. दगडी कामाची सवयच नव्हती.

छपराचा चढ आणि चान्सेलची उंची छायाचित्रांवरून धरली. छपराला ५० अंश. ही दोन मापे फलकावर ‘अंदाजे’ म्हणून लिहायची.

२२ जून २०२४

दगड कुठून आले याचा तक्ता.

एस्कमपासून सरळ रेषेत सुमारे अडीच किलोमीटरवर बिंचेस्टरचा रोमन किल्ला आहे, रोमन नाव विनोव्हिया. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला रोमन सत्ता गेली आणि किल्ल्याचे घडीव दगड पडून राहिले. अडीचशे वर्षांनी ते चर्चला वापरले गेले. खाण उघडायला नको, दगड घडवायला नको. गाडीत घालून आणायचे आणि लावायचे. दौलताबादच्या जामा मशिदीत जुन्या देवळांचे खांब उभे आहेत, ते पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

रोमन दगड ओळखायच्या खुणा, मुलांना दाखवायच्या क्रमाने:

एक, टाकीचे घाव. काही दगडांच्या दर्शनी बाजूवर तिरप्या रेघा एकमेकींना छेदून शंकरपाळ्याची जाळी झाली आहे. ही रोमन घडाई.

दोन, अक्षरे. उत्तरेच्या भिंतीत बाहेरून एका दगडावर सहाव्या लेजिअनची लॅटिन खूण आहे आणि ती उलटी लागली आहे. ही पलटण इ.स. १२२ च्या सुमारास ब्रिटनमध्ये आली, तिचे ठाणे यॉर्क. सातव्या शतकातल्या गवंड्याला ती अक्षरे वाचता येत नसावीत, किंवा वाचून त्याला फरक पडत नसावा. दगड ज्या बाजूने नीट बसला त्या बाजूने बसवला.

तीन, आकारमान. खालचे थर मोठ्या चौकोनी दगडांचे, वर जावे तसे दगड लहान. हे रोमन असण्याचा पुरावा नाही, पण उचलण्याची सोय सांगते: मोठा दगड सात मीटर चढवण्यापेक्षा खाली वापरावा.

कोपरे विशेष बघण्यासारखे. कोपऱ्याचा लांब दगड एका थरात उत्तर भिंतीत शिरतो, पुढच्या थरात पूर्व भिंतीत. आलटून पालटून. दोन्ही भिंती अशा गुंतल्या की कोपरा उकलत नाही. आपल्याकडच्या जोत्याच्या कोपऱ्यात चांगला गवंडी हेच करतो. दक्षिण इंग्लंडमधल्या नंतरच्या सॅक्सन (रोमनांनंतर इंग्लंडमध्ये सत्तेवर आलेल्या लोकांच्या) चर्चमध्ये कोपऱ्याला एक दगड उभा आणि एक आडवा अशी रचना दिसते. ती वेगळी, तिची इथे गल्लत करू नये.

प्रतिरूपावर रोमन दगड वेगळ्या रंगात दाखवायचे का यावर बोलणे झाले. नाही. कुठला दगड रोमन याबद्दल निम्म्या भिंतीत वाद होईल. फक्त निश्चित खुणा असलेल्या दगडांवर पितळी टाचणीचे डोके.

६ जुलै २०२४

नेव्ह आणि चान्सेल यांच्यामधली कमान. प्रतिरूपाचा सगळ्यात कठीण भाग, आणि इमारतीचा सगळ्यात चांगला. रुंदी सुमारे १.६ मी., उंची साधारण ४.५ मी. अरुंद आणि उंच, दालनासारखीच.

कमानीचे पाचर-दगड मध्यबिंदूकडे नेमके रोखलेले आहेत. सातव्या शतकातल्या स्थानिक कामात इतकी अचूक कमान अपेक्षित नाही. म्हणून ती रोमन इमारतीतून जशीच्या तशी उतरवून इथे पुन्हा उभारली, असे मत आहे. आम्हाला ते पटते. कमान उतरवणे वाटते तितके अवघड नाही. खाली लाकडी आधार द्यायचा, दगडांवर क्रमांक घालायचे, कळीचा दगड आधी काढायचा, आणि नव्या जागी त्याच क्रमाने उलटे लावत जायचे. लागतो तो आधाराचा नेमका अर्धगोल. तो किंचित जरी चपटा झाला तरी माथ्याजवळ दगडांच्या दर्जा (सांधे) बाहेरून बंद आणि आतून फाकलेल्या दिसतात.

कमान ज्या बाह्यांवर (दोन बाजूंच्या उभ्या कडांवर) बसली आहे त्यांची रचना इतकी खास की इंग्लंडमधले अभ्यासक अशा रचनेला ‘एस्कम पद्धत’ म्हणतात. एक दगड उभा, त्यावर एक आडवा, पुन्हा उभा, पुन्हा आडवा. आडवा दगड भिंतीच्या पूर्ण जाडीतून आरपार जातो आणि बाजूच्या भिंतीतही शिरतो. उभा दगड एकटा नुसता टेकवलेला खांब असतो, धक्का बसला तर बाहेर सरकेल. दर दोन दगडांत एक आडवा त्याला भिंतीशी बांधून ठेवतो. उभ्या दगडामुळे उंची पटकन मिळते, आडव्यामुळे पकड मिळते. घडाई कमी, काम जलद.

या पद्धतीचा एक तोटा आहे. वालुकाश्म थरांनी बनतो. खाणीत थर जसे आडवे असतात तसेच भिंतीत राहिले तर दगड टिकतो. लांबट दगड उभा केला की थरही उभे होतात आणि पाणी व दंव मुरले की पापुद्रे सुटतात. आतल्या कमानीला पाऊस लागत नाही म्हणून तिथे निभावते. बाहेरच्या दाराच्या बाह्यांत असा दगड दिसला तर आधी त्याचे पापुद्रे तपासावेत.

१:५० ला कमान ३.२ सेंमी रुंद, ९ सेंमी उंच होते. अर्धगोलाची त्रिज्या १.६ सेंमी, म्हणून कमान ७.४ सेंमी उंचीवर सुटते. एवढ्याशा कामात उभे-आडवे नीट कळत नाही. म्हणून बाह्या आणि कमान यांचे १:१० चे वेगळे सुटे प्रतिरूप करायचे: १६ सेंमी रुंद, ४५ सेंमी उंच, भिंत ७ सेंमी जाड. दगड सागाच्या तुकड्यांचे, न चिकटवता रचण्याचे. मुलांनी आडवे दगड काढून नुसत्या उभ्यांवर कमान रचून बघावी. बाह्या फाकतात आणि कमान मधोमध खचते. दहा मिनिटांत जे कळते ते व्याख्यानात कळत नाही.

१३ जुलै २०२४

साहित्य. भिंतींना ५ मिमी सनबोर्ड (पीव्हीसी फोमचा हलका बोर्ड), दोन पदरी, म्हणजे १० मिमी. दोन्ही बाजूंनी २ मिमी पीओपीचा थर. एकूण १४.

कागदी पृष्ठाचा फोमबोर्ड घेऊ नये. ओला पीओपी लागला की कागद फुगतो आणि भिंत धनुष्यासारखी वाकते. शिवाय त्याच्या आतला फोम स्प्रेच्या रंगाने विरघळतो. सनबोर्ड पाणी पीत नाही, पण त्याच कारणाने पीओपी त्याला धरतही नाही. उपाय: पृष्ठभाग ६० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडायचा, कटरच्या टोकाने आडव्या-तिरप्या रेघा मारायच्या, एक भाग फेविकॉल आणि तीन भाग पाणी लावून त्यावर बारीक चाळलेली वाळू भुरभुरायची. वाळल्यावर पीओपी. हे केले नाही तर रेघा कोरताना तळहाताएवढे पोपडे सुटतात.

पीओपी किती? आतून-बाहेरून मिळून पृष्ठभाग सुमारे २,७०० चौ. सेंमी, जाडी ०.२ सेंमी, म्हणजे ५४० घन सेंमी. कोरडी भुकटी अर्ध्या किलोहून थोडी जास्त. सांडलवंड धरून १ किलो आणावी. दहा भाग भुकटीला सहा भाग पाणी. पाण्यात भुकटी घालायची, भुकटीत पाणी नाही.

पुण्यात जुलैत उघड्या पोत्यातला पीओपी घेऊ नये. भुकटी हवेतली ओल शोषते, काही कण आधीच जमून बसतात आणि मग मिश्रण भांड्यातच घट्ट होते. जमलेला थरही ठिसूळ निघतो. बंद पिशवी घ्यावी आणि उरलेली भुकटी झाकणाच्या डब्यात ठेवावी. जमायला वेळ हवा असेल तर पाण्यात चिमूटभर लिंबूसत्त्व.

दोन्ही बाजूंचे थर एका दिवसाच्या आत द्यावेत. एकच बाजू वाळली की सनबोर्ड तिकडे ओढला जातो.

२७ जुलै २०२४

दर्जा कोरणे. पीओपीची ओली चकाकी गेली, पण नखाने खूण उमटते, अशा वेळी कोरायचे. आधी कोरले तर कडा उठतात, नंतर कोरले तर टवके. कंपासच्या सुईने कोरले. खरी १ सेंमीची दर्ज १:५० ला ०.२ मिमी होते, म्हणजे सुईची एक रेघ. कोरलेली कड मऊ ब्रशने झाडायची, फुंकर मारू नये. भुकटी दर्जेत बसते.

थरांच्या रेघा सरळ पट्टीने मारू नयेत. एस्कमला थर आहेत पण वापरलेले दगड वेगवेगळ्या उंचीचे, त्यामुळे थर मध्येच पायरी घेतो. पट्टीने कोरलेली भिंत नव्या कंपाऊंडसारखी दिसते. आधी कोपऱ्यांचे दगड कोरायचे, मग बाह्या, मग त्यांच्यामधला भाग पेन्सिलने आखून. खरा गवंडीही याच क्रमाने जातो: आधी कोपरे उभे, मग दोरी, मग मधला भराव.

चुन्याबद्दल फलकावर एक ओळ हवी. जुन्या वालुकाश्माच्या दर्जा सिमेंटने भरल्या की भिंतीतले पाणी दर्जेतून बाहेर पडू शकत नाही, ते दगडातून वाट काढते. थंडीत गोठते आणि दगडाच्याच कडा उडतात. मग सिमेंटची जाळी शाबूत आणि मधला दगड खोल गेलेला. चुना दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र, झीज तो सोसतो. दर्ज पुन्हा भरता येते.

३ ऑगस्ट २०२४

खिडक्या. मूळ सॅक्सन खिडक्या पाच: उत्तरेला दोन, दक्षिणेला दोन, पश्चिमेच्या त्रिकोणी भिंतीत एक. सगळ्या लहान आणि उंचावर. उत्तरेकडच्या दोन्हींचा माथा सपाट, दक्षिणेकडच्यांचा गोल. हा गोल माथा पाचर-दगडांनी बांधलेला नसून एकाच दगडात कोरलेला आहे. काहींच्या बाह्यांना बाहेरून फळी बसवण्याची खाच आहे.

खिडकीचे भोक भिंतीच्या बाहेरच्या अंगाला लहान आणि आत येताना रुंदावत जाते. असे एकाच बाजूने पसरणे जुन्या काळाचे लक्षण; दोन्ही बाजूंना पसरणारी खिडकी नंतरची. सनबोर्डचे दोन पदर इथे कामाला आले: बाहेरच्या पदरात लहान भोक, आतल्यात मोठे, आणि आतल्याची कड तिरपी कापलेली.

उजेडाचे गणित केले. एस्कमचा अक्षांश सुमारे ५४.७° उत्तर. भर दुपारी सूर्याची उंची २१ डिसेंबरला सुमारे १२°, विषुवदिनी ३५°, २१ जूनला ५९°. दक्षिणेच्या खिडकीपासून समोरच्या भिंतीपर्यंत, भिंतीची जाडी धरून, ५.१ मी. अंतर. एवढ्या अंतरात किरण डिसेंबरात फक्त १.१ मी. खाली उतरतो, विषुवदिनी ३.६ मी. म्हणजे हिवाळ्यात दुपारचे ऊन समोरच्या भिंतीवर वरच राहते, जमिनीला लागत नाही. आणि जूनमध्ये? ७० सेंमी जाडी ओलांडतानाच किरण १.१५ मी. खाली येतो. खिडकीची उंची त्याहून कमी, तेव्हा आतला कठडा सपाट धरला तर ऊन कठड्यावरच संपते. आत येतो तो परतलेला उजेड. मोबाइलची बॅटरी तीन कोनांत धरून प्रतिरूपावर हेच दिसले. पसरलेल्या बाजू पांढऱ्या ठेवल्या तर दालन जवळजवळ दुप्पट उजळ वाटते. करड्या रंगवल्यावर फरक लगेच कळतो. आतून चुन्याची सफेदी का देत, याचे एक उत्तर.

१७ ऑगस्ट २०२४

नंतरचे बदल. इमारतीच्या वयांना तीन रंग दिले: सातवे शतक पिवळसर, मध्ययुगातले फेरफार निळसर करडे, १९ वे शतक विटकरी. रंग पाण्यात कालवून एकच हात. दुसरा हात दिला की सुईच्या रेघा बुजतात.

निळसर करड्यात: १३ व्या शतकातल्या उंच निमुळत्या खिडक्या आणि दक्षिणेची देवडी. पाच लहान खिडक्यांच्या उजेडात भागत नाही असे प्रत्येक पिढीला वाटले आणि प्रत्येकीने भिंतीला नवे भोक पाडले. त्यामुळे एकाच दक्षिण भिंतीत खिडक्यांचा कालक्रम वाचता येतो. शिकवताना इथूनच सुरुवात करावी, दगडांपासून नाही.

विटकरीमागे एक नाट्य आहे. १८६३ मध्ये धर्मग्रामासाठी (पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती) नवे मोठे चर्च बांधले गेले आणि जुने ओस पडले, छप्पर मोडकळीला आले. १८७५ ते १८८० मध्ये जुन्याची दुरुस्ती झाली, आणि त्याच सुमारास ते सॅक्सन काळाचे आहे हे अभ्यासकांच्या ध्यानात आले. पुढे नवे चर्चच पाडले गेले. आज धर्मग्रामाची उपासना पुन्हा सातव्या शतकातल्या भिंतींत होते. गाव गरीब आणि लहान राहिले म्हणून इमारत वाचली, असे आमचे मत. श्रीमंत धर्मग्रामाने ती बाराव्या-पंधराव्या शतकातच पाडून मोठी बांधली असती. लोकरीच्या पैशावर तसे झालेली गावे इंग्लंडमध्ये पुष्कळ.

२४ ऑगस्ट २०२४

आज दिसत नाहीत ते भाग. पश्चिम भिंतीला बाहेरून एक जोडखोली होती. तिच्या छपराचा वण भिंतीवर दिसतो आणि पाया उत्खननात मिळाला. चान्सेलच्या उत्तरेलाही एक खोली होती, तिकडे जाणारे दार आता बुजवलेले आहे. यांच्या भिंती उभारल्या नाहीत. तळाच्या पाटावर १ मिमी माउंटबोर्डच्या पट्ट्या चिकटवून फक्त पाया दाखवला. उंची माहीत नसताना भिंत उभी केली की बघणारा ती खरी धरतो.

चर्चभोवतीचे दफनभूमीचे आवार गोलसर आहे. ते ४५ × २५ सेंमीच्या पाटावर मावत नाही. त्याचा १:५०० चा आराखडा फलकावर.

७ सप्टेंबर २०२४

सूर्यघड्याळ. दक्षिण भिंतीत उंचावर अर्धगोल तबकडी, तिच्यावरून सापासारखा प्राणी वळलेला, तबकडीवर तीन रेघा. मूळ बांधकामाबरोबरची मानली जाते. मधल्या भोकात काठी बसवायची. काठीची सावली कुठल्या रेघेवर आहे त्यावरून प्रार्थनेची वेळ. तीन रेघा म्हणजे दिवसाचे चार भाग, तास नाहीत. काठी भिंतीला काटकोनात असल्यामुळे ऋतूप्रमाणे सावलीचा कोन बदलतो आणि भाग सारखे राहत नाहीत. मठाच्या घंटेला ते पुरेसे.

१:५० ला ती मुगाच्या डाळीएवढी होते. वेगळी १:५ ची तबकडी प्लॅस्टरमध्ये ओतली, काठीला ३ मिमी पितळी तार.

२१ सप्टेंबर २०२४

छप्पर सुटे ठेवले. २ मिमी माउंटबोर्डच्या दोन पाख्या, मध्ये त्रिकोणी पट्ट्या, भिंतीच्या माथ्यावर चार ठिकाणी ५ मिमी चुंबके. चुंबक पीओपीत बसवू नये, उपसून येते. सनबोर्डात भोक पाडून अराल्डाइटने. छप्पर उचलले की कमान आणि खिडक्यांच्या पसरत्या बाजू वरून दिसतात.

पीओपीवर मॅट वॉर्निशचा एकच पातळ हात. चकचकीत वॉर्निशने दगड प्लॅस्टिकचा दिसतो.

खोका: आतून ४८ × २८ × २६ सेंमी. प्रतिरूप छपरासह २१ सेंमी उंच, वर-खाली फोम. कमानीचे सागाचे तुकडे वेगळ्या पिशवीत. प्रत्येकाच्या मागे क्रमांक, डावी बाह्या ‘डा’, उजवी ‘उ’, कमानीचे ‘क’. आडव्या दगडांच्या टोकाला लाल ठिपका. फलकाचा मजकूर तपासून छपाईला दिला. पितळी टाचण्या चान्सेलच्या उत्तर बाजूला अजून लावायच्या आहेत.